टर्बो मोटारीच्या शीतनव्यवस्थेची फेरमांडणी

1980 साली उजनीचे धरण पुरे झाले आणि त्यानंतरच्या चार दशकांत जेऊर, कंदर आणि भीमेच्या फुगवट्यालगतच्या सगळ्या टापूत ज्वारीच्या शिवारांच्या जागी ऊस आणि केळी उभी राहिली. या पालटाबरोबर जो पैसा गावोगाव खेळू लागला, त्यातून ट्रॅक्टर आणि मालमोटारी तर आल्याच, परंतु पुण्याच्या बाजारातून हौसेने आणलेल्या लहान, चपळ, टर्बो बसवलेल्या मोटारीही आल्या. त्यांत चाकणच्या कारखान्यात तयार झालेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय ही विशेष लोकप्रिय. 2013 साली बाजारात आलेल्या या गाडीचे इंजिन अवघे 1,197 घनसेंटिमीटरचे, परंतु टर्बोच्या बळावर ते 105 अश्वशक्ती आणि 175 न्यूटन-मीटर पीळ देते. काटेकोर अर्थाने तिला स्पोर्ट्स कार म्हणता येणार नाही. तथापि टर्बो गाडीला शोभणारी सगळी दुखणी आणि सगळे गुण तिच्या ठायी असल्यामुळे, आणि ती आपल्या परिसरात प्रत्यक्ष पाहावयास मिळत असल्यामुळे, शीतनव्यवस्थेची फेरमांडणी कशी करावी याचे विवेचन तिच्याच आधारे करणे इष्ट होईल.

फेरमांडणीचा विचार मनात येण्याचे कारण बहुधा उन्हाळाच असतो. डिसेंबरात टेंभुर्णीच्या रस्त्याने सुसाट धावणारी गाडी एप्रिल-मे महिन्यांत दुपारी ‘ओढत नाही’ अशी तक्रार सुरू होते, आणि त्यावर मोठा इंटरकूलर, जाड रेडिएटर, निराळा ऑइल कूलर अशी खरेदीची यादी तयार होते. माझे सांगणे या यादीच्या अगोदरचे आहे. गाडीच्या नाकातून आत येणारी हवा कोठून येते, कोणत्या क्रमाने कशाकशातून जाते आणि कोठून बाहेर पडते, या तीन बाबींची खातरजमा झाल्याखेरीज एकही नवा भाग विकत घेऊ नये. कारण उष्णता नाहीशी होत नसते, ती एका जागेवरून दुसऱ्या जागी नेऊन अखेरीस वाऱ्याच्या स्वाधीन करावी लागते, आणि वाऱ्याची वाट अडलेली असेल तर महागडा रेडिएटरही त्या वाटेतला आणखी एक अडसरच ठरतो.

टर्बोचा मूळ व्यापार ध्यानी घेतला की पुढील गोष्टी सुकर होतात. एग्झॉस्टमधून वाया जाणाऱ्या वायूच्या जोरावर एक चक्र फिरवावे आणि त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने ताजी हवा दाबून इंजिनात भरावी, ही कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याची. तिचे पेटंट 1905 सालचे. हवा दाबली की ती तापते, हा त्यातला अटळ भाग. बाहेर 42 अंश सेल्सिअस तापमान असता टर्बोने हवेचा दाब 1.8 पट केला आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता 70 टक्के धरली, तर टर्बोतून निघणारी हवा सुमारे 124 अंशांपर्यंत तापलेली असते. इंटरकूलरने या वाढीपैकी 70 टक्के भाग काढून घेतला तर ती 67 अंशांच्या आसपास इंजिनात शिरते, आणि एवढ्या फरकाने तेवढ्याच जागेत जवळजवळ सहावा हिस्सा अधिक हवा मावते. आता याच हिशेबाची दुसरी बाजू पाहावी : इंटरकूलरपुढे येणारा वारा जर अगोदरच दुसऱ्या एखाद्या भागाने 10 अंशांनी तापवलेला असेल, तर इंजिनात शिरणारी हवा 7 अंशांनी अधिक तापते, नॉकिंगची चाहूल लागताच इंजिनचा संगणक ठिणगीची वेळ मागे घेतो, टर्बोचा दाब उतरवतो, आणि चालकाला पिकअप गेल्याचा अनुभव येतो. इंजिन सुरक्षित राहावे म्हणून केलेली ती योग्य तजवीज आहे. तिला बिघाड समजून संगणकाची आज्ञावली बदलून घेणे हा उतावीळपणा होय.

म्हणून प्रथम मोजणी. गाडीच्या निदान-सॉकेटमध्ये बसणारे एक साधे ओबीडी यंत्र मोबाईलला जोडले की कूलंटचे तापमान आणि इंजिनात शिरणाऱ्या हवेचे तापमान असे दोन्ही आकडे समोर दिसतात. सकाळच्या गारव्यात आणि भर दुपारी, रिकाम्या सरळ रस्त्यावर आणि उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागे रेंगाळताना, एसी चालू असता आणि बंद असता, अशा निरनिराळ्या परिस्थितींत हे आकडे वहीत टिपून ठेवावेत. त्यांतून दुखण्याचे स्थान आपोआप उघड होते. गाडी उभी असता किंवा रेंगाळत असता गरम होते आणि वेग घेतल्यावर निवते, तर दोष पंख्यात, त्याच्या रिलेत किंवा त्याच्याभोवतीच्या आवरणात, म्हणजे श्राउडमध्ये, शोधावा. उलट उभ्या गाडीत सर्व ठीक असून महामार्गावर काटा चढत असेल, तर रेडिएटर आतून चोकअप झाला असणे, वॉटर पंपाचे पाते झिजले असणे, किंवा वाऱ्याला बाहेर पडावयास वाट नसणे, यांपैकी काही तरी असते. कूलंट ठिकाणावर आहे, परंतु दाब देऊन सलग वेगात गेल्यावर आत शिरणाऱ्या हवेचेच तापमान चढत जाते, अशा एकाच परिस्थितीत इंटरकूलरच्या मांडणीला हात घालणे सार्थ ठरते.

तेही साफसफाईनंतरच. आपल्या भागात गळीत हंगामभर रस्त्यावर उसाचे पाचट आणि बारीक भुसा उडत असतो, जलाशयालगत संध्याकाळी चिलटांचे थवे गाडीवर आदळतात, आणि दसऱ्याला जाळीवर बांधलेला झेंडूचा हार तेथेच वाळून त्याच्या पाकळ्या आत उतरतात. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या बोटभर फटीत या सगळ्याचा नमद्यासारखा थर साचतो, आणि बाहेरून पाहणाऱ्यास तो दिसत नाही. बंपर उतरवून, कंडेन्सरच्या नळ्या न सोडता तो हलक्या हाताने पुढे घेऊन, इंजिनच्या बाजूने पुढच्या बाजूकडे अशा उलट दिशेने, मंद दाबाच्या पाण्याने तो थर काढावा. धुलाई केंद्रावरील जोराचा फवारा जवळून मारला तर ॲल्युमिनियमच्या नाजूक पाकळ्या मुडपतात आणि रेडिएटरची वाट कायमची बुजते.

बंपर उतरवला की धुण्यास हात घालण्याअगोदर आणखी एक गोष्ट पाहून घ्यावी, आणि ती पाहण्यास कसलेही यंत्र लागत नाही. आतल्या भागांवर धुळीच्या रेषा उमटलेल्या असतात. रेडिएटरच्या दोन्ही कडांना, हेडलाइटच्या मागे, वरच्या आडपट्टीखाली जेथे धुळीचे दाट, लांबट पट्टे दिसतील तेथून वारा रेडिएटरच्या गाभ्याला वळसा घालून निसटत आहे, असे खुशाल समजावे. आणि गाभ्याचा जो कोपरा धूळ न बसता कोरा राहिला असेल, तेथवर वारा पोहोचतच नाही. या रेषांचा खडूने किंवा मोबाईलच्या छायाचित्राने नकाशा करून ठेवावा, कारण पुढच्या सगळ्या कामाचा आराखडा तोच होय.

पाटाला उंदराने भोक पाडले की शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी जात नाही, तशी या वाऱ्याची गत असते. गाभ्यातील दाट पाकळ्यांतून जाण्यापेक्षा बाजूच्या मोकळ्या फटीतून जाणे त्याला सोपे वाटते. यास्तव फटी बुजवणे हे फेरमांडणीचे पहिले आणि सर्वांत फलदायी काम. एसीच्या तांब्याच्या नळ्यांवर चढवतात तो काळा फोम, एक मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा आणि रिबिटे एवढ्या साहित्यात ते होते. जाळीच्या कडेपासून गाभ्याच्या चौकटीपर्यंत चारही बाजूंनी भिंती उभ्या कराव्यात, त्या एकदम न पसरवता हळूहळू रुंद होत जाऊ द्याव्यात, आणि कंडेन्सर व रेडिएटर यांच्यामधील फटही कडेने फोमने बंद करावी. वाट अशी बांधीव असेल तर वारा आत घेणारे तोंड गाभ्याच्या क्षेत्रफळाच्या चतुर्थांश ते तृतीयांश असले तरी वेगात पुरते. यावरून जाळी कापून मोठी करण्याची घाई किती अनाठायी असते हे ध्यानात येईल. मात्र त्या तोंडापुढे जादा दिवे, रुंद क्रोमची पट्टी किंवा खाली सरकवलेली नंबरप्लेट असता कामा नये.

आत आलेला वारा बाहेर जाण्याचा विचार फारच थोडे लोक करतात, आणि माझ्या मते अनेक खर्चिक फेरबदल फसण्याचे हेच मुख्य कारण आहे. बॉनेटच्या मागच्या बिजागरीखाली वॉशर घालून ते उचलून ठेवण्याची एक पद्धत रूढ आहे. गाडी उभी असता त्यातून गरम हवा निघते हे खरे. परंतु वेगात समोरच्या काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब वाढतो, त्यामुळे तेथून हवा बाहेर पडण्याऐवजी आतच शिरू पाहते आणि रेडिएटरच्या मागचा दाब वाढून त्यातून येणारा ओघ मंदावतो. बॉनेटला झरोके पाडायचेच असतील तर ते त्याच्या पुढच्या-मधल्या भागात, रेडिएटरच्या लगेच मागे असावेत. तसेच इंजिनखालचे प्लॅस्टिकचे आच्छादन ‘हवा लागू दे’ म्हणून काढून फेकण्याचा जो प्रघात आहे तोही चुकीचा : ते आच्छादन गाडीखालचा प्रवाह नितळ ठेवून गरम हवेला मागे खेचून नेण्याचे काम करते.

आता क्रमाचा प्रश्न. ज्या द्रवाचे किंवा हवेचे तापमान सर्वांत कमी राखायचे, त्याच्या वाट्याला सर्वांत थंड वारा यावा, हा यातला मूलभूत दंडक आहे. त्यानुसार इंटरकूलर, किंवा तो पाण्याने निवणारा असेल तर त्याचा लहान रेडिएटर, सर्वांत पुढे, त्यामागे एसीचा कंडेन्सर, त्यामागे इंजिनचा मुख्य रेडिएटर आणि शेवटी पंखा अशी रांग लागते. मुख्य रेडिएटरमधील पाणी 90 अंशांच्या वर असल्यामुळे 55 अंशांचा वाराही त्यास थंडच वाटतो. इंटरकूलरला मात्र तोच वारा निरुपयोगी. ऑइल कूलर या रांगेत कोठेही, विशेषतः रेडिएटरच्या पुढे, घुसवू नये. तो फॉग लॅम्पच्या जागेमागे एका बाजूस ठेवावा, त्यास स्वतंत्र तोंड आणि चाकाच्या कमानीतून स्वतंत्र निकास द्यावा, आणि त्याच्या नळीत तेलाचा थर्मोस्टॅट बसवावा, नाही तर हिवाळ्याच्या सकाळी तेल तापण्यास विलंब लागून झीज वाढते. अर्थात तेलाचे तापमान 130 अंशांपलीकडे दीर्घकाळ राहत असल्याचे मोजून सिद्ध झाले तरच हा खर्च करावा. गावातून पुण्याला ये-जा करणाऱ्या गाडीस तो सहसा लागत नाही.

जगातील नामांकित गाड्यांनी या क्रमाचे निरनिराळे निवाडे केले आहेत. पोर्शच्या 911 टर्बोला 1975 साली इंटरकूलर नव्हताच. 1978 साली तो आला तेव्हा त्याला मागच्या पंखाखाली, इंजिनच्या वर जागा दिली गेली आणि शक्ती 260 वरून 300 अश्वशक्तीवर गेली. सुबारूच्या इम्प्रेझा टर्बोने इंटरकूलर इंजिनच्या डोक्यावर ठेवून बॉनेटवर नाकाडे दिले. आपल्याकडील स्कॉर्पिओच्या बॉनेटवरील नाकाडेही त्याच कामाचे. या मांडणीत नळ्या आखूड राहतात आणि टर्बोचा दाब लवकर मिळतो, परंतु गाडी उभी राहिली की खालच्या इंजिनची धग इंटरकूलरला भाजून काढते. माझदाच्या आरएक्स-7 या गाडीचे शौकीन तर रेडिएटर आणि इंटरकूलर एकमेकांस तिरके टेकवून दोहोंना वाऱ्याचे स्वतंत्र वाटे देतात. ही रचना मला सर्वांत सुंदर वाटते, कारण तिच्यात कोणीही कोणाची गरम हवा पीत नाही. परंतु तीस लागणारी खोली आडव्या इंजिनच्या पोलोमध्ये नाही, आणि ओढूनताणून ती करू जाता पुढचा संरक्षक लोखंडी तुळवट कापावा लागतो. तो तुळवट अपघातात जीव वाचवण्यासाठी असतो. त्यास करवत लावण्याची मुभा कोणत्याही शीतनासाठी नाही.

पोलोच्या या इंजिनात आणखी एक विशेष आहे आणि त्याकडे दुर्लक्ष झाल्यास टर्बो प्राणास मुकतो. या गाडीचा इंटरकूलर पुढे वाऱ्यात नसून इनटेक मॅनिफोल्डच्या पोटात आहे. त्यातील उष्णता पाणी वाहून नेते, ते पाणी पुढच्या एका लहान रेडिएटरमध्ये निवते आणि विजेवर चालणारा एक छोटा पंप ते फिरवीत राहतो. त्याच पाण्याचा एक फाटा टर्बोच्या मधल्या भागातून जातो, आणि इंजिन बंद केल्यानंतरही गरज असेल तर तो पंप काही काळ चालू राहून टर्बोच्या दांड्याजवळचे तेल जळू देत नाही. बाजारात मिळणारा मोठा, वाऱ्याने निवणारा इंटरकूलर बंपरमागे बसवून ही जुनी पाण्याची व्यवस्था उपटून टाकली, म्हणजे टर्बोचे पाणीच तोडले असा त्याचा अर्थ होतो. म्हणून या गाडीत दाब वाढवायचा नसेल तर जुनी व्यवस्था कायम ठेवून पुढचा लहान रेडिएटर अधिक रुंद करणे, त्याला बांधीव वाट देणे आणि पंप पूर्ण क्षमतेने चालतो याची रुजुवात घेणे, एवढाच बदल मी सुचवीन. वाऱ्याचा इंटरकूलर बसवणे अटळच असेल तर टर्बोचा पाण्याचा फाटा, पंप आणि लहान रेडिएटर जसाच्या तसा चालू राहिला पाहिजे, आणि त्या नळीला कोठेही वर उचललेला वेढा राहू देऊ नये. तशा वेढ्यात वाफ अडकते आणि पाणी थबकते.

रेडिएटर बदलण्याचीच पाळी आली तर जाडीपेक्षा क्षेत्रफळ निवडावे. गाभा दुप्पट जाड केल्याने उष्णता दुप्पट निघत नाही, कारण मागच्या अर्ध्या भागाला पुढच्या अर्ध्याने तापवलेलीच हवा मिळते, शिवाय पंख्याला ती ओढणे जड जाते. अतिशय दाट पाकळ्यांचा गाभा शर्यतीच्या ट्रॅकवर उपयोगी असला तरी आमच्या धुळीत तो एका हंगामात बुजतो. विरळ पाकळ्यांचा घ्यावा. पंख्याला गाभ्याचे सर्व क्षेत्रफळ झाकणारे श्राउड हवे, आणि मोठा पंखा घेतल्यास त्याच्या तारा, फ्यूज आणि रिले त्याच्या प्रवाहास साजेसे हवेत. जुन्या बारीक तारांवर तो जोडल्यास आग लागण्याचा धोका आहे. थर्मोस्टॅट, ज्याला गॅरेजात ‘वॉल्व्ह’ म्हणतात, तो काढून टाकण्याचा सल्ला मिळाल्यास तो नम्रपणे नाकारावा. त्याच्यावाचून इंजिन योग्य तापमानास येत नाही, संगणक पेट्रोल अधिक सोडतो, ते मिसळून तेल पातळ होते आणि सिलिंडरची झीज वाढते.

पाण्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे. आपल्याकडील बोअरचे पाणी जड; त्यातील क्षार ॲल्युमिनियमच्या अरुंद नळ्यांत साचतात. कूलंटमध्ये मिसळण्यास ऊर्ध्वपातित पाणीच वापरावे आणि प्रमाण निम्मे-निम्मे ठेवावे. असे मिश्रण मोकळ्या हवेत 107 अंशांच्या आसपास उकळते, तर टाकीच्या झाकणाने एक बार दाब धरून ठेवला की तोच उत्कलनबिंदू 125 अंशांपलीकडे जातो. म्हणून झाकणाचे रबर चिरले असेल तर सर्वात स्वस्त दुरुस्ती तीच. या गाडीच्या गुलाबी-जांभळ्या कूलंटमध्ये हिरवे कूलंट मिसळू नये, त्याचा गाळ होतो. नळ्या पुन्हा जोडल्यावर व्यवस्थेत हवा राहते, आणि ‘एअर धरलेली’ गाडी नवीन रेडिएटरनेही तापते. ती काढण्यासाठी गाडीचे नाक चढावर ठेवावे, हीटर पूर्ण गरम करावा, टाकीत मिश्रण सावकाश ओतावे, इंजिन मंद चालवीत वरची नळी हाताने दाबत राहावे, आणि थर्मोस्टॅट उघडून खालची नळी गरम होईपर्यंत व हीटरमधून एकसारखी ऊब येईपर्यंत थांबावे. टर्बोच्या लहान व्यवस्थेतील हवा अशा रीतीने पुरती निघत नाही. निर्वात पद्धतीने भरणे किंवा निदान-यंत्राने तिचा पंप स्वतंत्रपणे चालवणे, हेच उपाय खात्रीचे. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असता, पातळी पुन्हा पाहावी. गरम टाकीचे झाकण कोणत्याही कारणाने उघडू नये. वाफेने भाजलेला हात लवकर बरा होत नाही.

कायद्याची हद्दही माहीत असावी. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 52 नुसार नोंदणी दाखल्यातील, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकपणे लावला आहे. शीतनाचे भाग बदलताना इंजिनचा क्रमांक, क्षमता, गाडीची लांबी-रुंदी यांना धक्का लागत नसला, तरी बॉनेट कापणे किंवा बंपरचा आकार पालटणे या बाबतीत अकलूजच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात अगोदर चौकशी करावी, आणि विमा कंपनीस फेरबदल लेखी कळवून त्याची पोच फाईलला लावावी. तोंडी कळवलेल्या गोष्टीचा दाव्याच्या वेळी उपयोग होत नाही.

काम झाल्यावर बंपर लगेच कायमचा आवळू नये. आरंभी ज्या रस्त्यावर, ज्या प्रहरी आणि ज्या वेगाने आकडे टिपले होते, त्याच रस्त्यावर त्याच प्रहरी पुन्हा गाडी न्यावी आणि बाहेरचे तापमान वजा करून दोन्ही नोंदींची तुलना करावी, कारण बाहेरच्या हवेतील फरक वगळल्याशिवाय सुधारणेचे मोजमाप खोटे ठरते. इंजिनात शिरणाऱ्या हवेचे आणि बाहेरच्या हवेचे अंतर कमी झाले, आणि दाब सोडल्यावर ते पूर्वीपेक्षा लवकर खाली येऊ लागले, तर मांडणी साधली. कूलंटचे तापमान मात्र पूर्वीपेक्षा चढू लागले असेल, तर पुढे आणलेला भाग रेडिएटरचा वारा अडवीत आहे. अशा वेळी नवा पंखा मागवण्यापूर्वी पत्र्याच्या भिंती पुन्हा उघडून धुळीच्या नव्या रेषा कोठे उमटल्या ते पाहावे.